सोळा ओहम

कानातल्या मळाची मला लहानपणापासून शिसारी आहे, आणि पोट भरतो मी इयरफोनवर. खिशात मावणारे जुने म्युझिक प्लेअर दुरुस्त करतो आणि त्यांना साजेसे इयरफोन जोडून देतो. प्रत्येक इयरफोन विजेला थोडा अडवतो. किती अडवतो ते ओहममध्ये मोजायचं, त्याला इम्पिडन्स म्हणतात. तो प्लेअरच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की आवाज मेल्यासारखा येतो, फार कमी झाला की प्लेअरची दमछाक होते. गिऱ्हाइकं मला गमतीनं ‘लग्नं जमवणारा’ म्हणतात. मी हातमोजे घालून लग्नं जमवतो.

वर्षभरापूर्वी भावोजी गेले आणि ताई माझ्याकडे राहायला आली. दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची टाकून, भावोजींच्या प्लेअरवर त्यांनीच भरून ठेवलेली गाणी ती ऐकत बसायची. त्याला माझी हरकत नव्हती. भावोजींचा इयरफोन मात्र मी पहिल्याच दिवशी चिमट्यानं उचलून फेकून दिला. त्यांचा डावा कान वाहायचा. त्यात ते लवंगेचं तेल घालत, आणि डाव्या बाजूच्या रबरी टोपीवर पिवळं, ओलं काहीतरी कायम चिकटलेलं असे. ते असताना तो इयरफोन मीच साफ करून द्यायचो, आणि त्या दिवशी मला जेवण जात नसे. ताईला मी नवा कोरा, बत्तीस ओहमचा जोडून दिला. आवाज खणखणीत आला.

महिन्याभरानं ती म्हणाली, "अरे, आवाज निम्माच येतोय."

मोजून पाहिला. बत्तीस. प्लेअर ठीक होता, बॅटरीही ठीक होती.

"तुझेच कान तुंबले असतील," मी म्हणालो आणि तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही कान दिवा लावून पाहिले. "लख्ख आहेत," ते म्हणाले. "मळाचा कणसुद्धा नाही."

घरी येऊन इयरफोन पुसायला घेतला. डाव्या टोपीवर पिवळं, ओलं काहीतरी होतं. मी ते नाकाशी नेलं नाही. तरी वास आला, लवंगेचा.

तो फेकला, दुसरा दिला. आठवड्याभरात पुन्हा तेच. ताई आता कानात प्राण आणून ऐकायची आणि ताट समोर तसंच निवायचं. खा म्हटलं की हातानंच गप्प करायची. तिची मनगटं काडीसारखी झाली. आवाज पूर्ण आल्याशिवाय ती धड जेवणार नाही हे मला दिसत होतं, आणि आवाज आणणं हे माझं काम होतं.

एका रविवारी दुकान बंद ठेवून मी तिच्याशेजारी बसलो. इयरफोन तिच्या कानात असतानाच पिन प्लेअरमधून काढली आणि मीटरला लावली.

सोळा.

तिला तो कानातून काढायला सांगितलं. बत्तीस. पुन्हा घालायला सांगितलं. सोळा. दुसरा मीटर आणला, तोही सोळाच म्हणाला.

एका पिनवर एकसारखे दोन इयरफोन लावले की आकडा निम्मा होतो. तीन लावले की तिसरा हिस्सा, म्हणजे बत्तिसाचे दहा पॉइंट सात. यात काही गूढ नाही, साधा भागाकार आहे. प्लेअरची ताकद दोघांत वाटली जात होती, आणि खोलीत इयरफोन एकच होता.

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी पडलो लग्नं जमवणारा. आकडा सोळा आहे ना, मग सोळा ओहम झेपेल असा प्लेअर हवा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. कपाटातून एक दणकट प्लेअर काढला, सगळी गाणी त्यात भरली आणि तिच्या हातात दिला. ताईचा चेहरा उजळला. त्या दुपारी ती मागून घेऊन जेवली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

दुसऱ्या दिवसापासून ती घाण दुप्पट झाली. टोपीतून तारेवर ओघळायची आणि तारेवरून ताईच्या खांद्यावर. ती रुमालानं टिपायची आणि रुमाल घडी करून उशाशी ठेवायची. माझ्याच घरात मी तोंडानं श्वास घेऊ लागलो. चौथ्या दिवशी मी तिला जेवताना पाहिलं. ती फक्त उजव्या दाढांनी चावत होती आणि प्रत्येक घासाला डावा कान तळहातानं दाबून धरत होती. भावोजी तसेच जेवायचे. मी मोरीत जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा ती खिडकीपाशी ऐकत बसली होती.

"काढ तो," मी म्हणालो.

"राहू दे रे. बरं वाटतं."

"ताई, तुझ्या खांद्यावर काय आहे ते बघ तरी एकदा. किळस येत नाही तुला?"

"लहानपणी तुझं नाक मीच पुसायचे," ती हसून म्हणाली.

मी इयरफोन ओढून काढला. कात्रीनं तार पिनेपासून वीतभर अंतरावर कापली, टोप्या कचऱ्यात टाकल्या. प्लेअरची बॅटरीही काढून ठेवली. मला वाटलं ती चिडेल, रडेल. ती रिकाम्या कानांनी खुर्चीत बसून राहिली, डोळे मिटून.

माझ्या हातात पिन आणि वीतभर तार उरली होती. सवयीनं ती मीटरला लावली. कापलेल्या तारेवर आकडा येत नाही, पुढं काही नसतंच.

सोळा.

ताईचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं.

तारेच्या कापलेल्या टोकाशी एक पिवळा थेंब जमत होता.

"अरे, जरा आवाज वाढव," डोळे न उघडता ती म्हणाली. "ह्यांना कमी ऐकू येतं."

मी जागचा हललो नाही. आकडा हलला. जरा थरथरला आणि दहा पॉइंट सातवर येऊन थांबला.

माझ्या डाव्या कानातून काहीतरी कोमट मानेवर ओघळलं. मी ते बोटानं पुसलं. लवंगेचा वास आला.