बकासुराचा उपास

कोंडसरच्या सांडपाणी प्रकल्पातल्या त्या जिवाणूचं कागदोपत्री नाव एका ओळीत मावत नसे. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव बकासुर ठेवलं आणि पुढे शास्त्रज्ञही, निदान चहाच्या वेळी तरी, तेच म्हणू लागले. टाक्याच्या टाक्या विष रोज फस्त करायचं आणि वर ढेकरही द्यायची नाही, अशा प्राण्याला दुसरं म्हणणार तरी काय?

त्याची जन्मदात्री म्हणजे डॉ. शर्वरी शिगवण. कोंडसरच्या कारखान्यांत अपस्मारावरचं, म्हणजे फिट्सवरचं, निर्वेपिन हे औषध तयार होई आणि त्याचा उरलासुरला अंश वर्षानुवर्षं खाडीत जाई. खाडीतला बोय मासा गुंगीत तरंगायचा. पोरं तो हातानं उचलून आणायची. आयतं कालवण मिळतंय म्हणून लोक आधी खूश होते. मग मासेच संपले, तेव्हा सगळे जागे झाले. बकासुर टाक्यांत आला आणि दोन-तीन वर्षांत खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पुन्हा सापडू लागल्या. पहिल्या तिसऱ्यांचं सुकं शर्वरीनं प्रयोगशाळेतच सगळ्यांना खायला घातलं होतं.

अशा सुखाच्या दिवसांत एका सकाळी डॉ. इक्बाल मुकादम प्रयोगशाळेत आले. ते कोंडसरमधले मेंदूविकारांचे एकमेव डॉक्टर. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, माझ्या पेशंटांच्या फिट्स परत सुरू झाल्यात. आणि रक्तात निर्वेपिन सापडत नाही."

"गोळ्या घेत नसतील."

"मलाही तेच वाटलं. एका बाईला तर चांगलं फैलावर घेतलं. बिचारीनं माझ्यासमोर गोळी गिळली, दिवसभर दवाखान्यात बसून राहिली. संध्याकाळी रक्त तपासलं तर औषध नावाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आता चोर कुठे राहतो ते विचारायला तुमच्याकडे आलोय."

चोर कोण ते शर्वरीला लगेच कळलं. तिनं त्या पेशंटांच्या विष्ठेचे नमुने मागवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बकासुर अगदी ऐटीत बसलेला दिसला. तिला भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी क्षणभर कौतुक वाटलं, हेही खरं. आपलं पोर परक्या गावात जाऊन बिऱ्हाड थाटून बसलं, असंच ते कौतुक होतं.

"खाडीच्या पाण्यातून, हातांवरून पोटात गेला," ती मुकादमांना म्हणाली. "निर्वेपिन आतड्यात हळूहळू शोषलं जातं ना? हा तिथेच वाट बघत बसतो. शरीराला मिळायच्या आधी औषध हाच खातो."

"मग उद्या तुमच्याआमच्या पोटातही बसेल की!"

"नाही. त्याला मी आश्रित-कुलूप घातलंय." तिनं फळ्यावर एक साखळी काढली. "कुठल्याही जिवाणूला जगायला स्वतःभोवती भिंत बांधावी लागते. बकासुराकडे त्या भिंतीची एक वीट नाही. ती बनवायचं जनुकच मी काढून टाकलंय. निर्वेपिनचा रेणू फोडला की जो तुकडा उरतो, तीच वीट. म्हणजे औषध मिळालं तर भिंत, भिंत असली तर जीव. औषध नसलेल्या पोटात तो दोन दिवसांत मरतो."

मुकादम आता कुठे खुर्चीत बसले. "म्हणजे पेशंटना थोडे दिवस दुसरं औषध दिलं, वेगळ्या घडणीचं, तर?"

"उपाशी मरेल. मग पुन्हा खुशाल निर्वेपिन सुरू करा. आणि टाक्यांच्या तोंडावर मी अतिनील दिव्यांची चाळण बसवते, म्हणजे हा पुन्हा खाडीत जाणार नाही."

तो उपास लागू पडला. ती फैलावर घेतलेली बाई आठवड्याभरात बरी झाली आणि मुकादमांनी तिची माफीही मागितली.

पण बातमी वर गेली होती. चौकशीसमिती आली, तिचे अध्यक्ष हळदणकर. माणूस सरळ, पण शंकेखोर. टाक्यांभोवती फिरून झाल्यावर ते म्हणाले, "तुमचं कुलूप तुमच्या फळ्यावर छान आहे हो. पण उद्या हा जीव औषधाशिवाय जगायला शिकला तर? मग तो शाळेतल्या पोरांच्याही पोटात असेल आणि त्यांना कधी औषध लागलं तर लागूच पडणार नाही. निर्वेपिन न घेणाऱ्या एकाही माणसाच्या पोटात तो सापडला तर मी सगळ्या टाक्यांत क्लोरीन ओतायला सांगणार. खाडीचं काय व्हायचं ते होवो."

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी शर्वरी असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, म्हणून तर तिला जास्त राग आला.

चाचणी ठरली. प्रकल्पात पाऊल टाकलेल्या आणि निर्वेपिन न घेणाऱ्या सर्वांनी नमुने द्यायचे. औषध घेत नसल्याचं लिहून द्यायचं, पण नावं नाहीत, फक्त आकडे. आपला आकडा ज्याचा त्याला ठाऊक. समितीही आत फिरून गेलेली, त्यामुळे हळदणकरांनाही डबी मिळाली. ती त्यांनी नाक मुरडत घेतली. शर्वरीचा नमुना सर्वांत आधी. ही प्रयोगशाळांची जुनी खोड आहे: निरोगी माणूस हवा असला की शास्त्रज्ञ पहिल्यांदा स्वतःलाच पकडतो.

निकाल आला. सगळे नमुने स्वच्छ, दोन सोडून. त्या दोनांत बकासुर होता. तुरळक नव्हे, चांगला घरजावयासारखा मुक्काम ठोकलेला. त्यांतला एक आकडा शर्वरीचा स्वतःचा होता.

म्हणजे कुलूप तुटलं होतं. सुनावणीला चारच दिवस उरले होते. तिला खाडी दिसू लागली, पुन्हा गुंगीतले मासे दिसू लागले. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन स्वतःच्याच पोटातला बकासुर वेगळा करायला बसली. कुलूप तुटलं असेल तर ते नेमकं कसं तुटलं, हे कळल्याशिवाय तिला जेवण जाणार नव्हतं. तिनं जनुकक्रम वाचला. वीट बनवणारं जनुक नव्हतंच. कुठून उसनंही आणलेलं नव्हतं. तिनं त्याला निर्वेपिन सोडून जगातलं सगळं पक्वान्न वाढलं. दोन दिवसांत तो मेला. दुसऱ्या नमुन्यातलाही मेला.

"कुलूप शाबूत आहे," तिनं मुकादमांना बोलावून सांगितलं. "तरी हा माझ्या पोटात जगतो. मला काही सुचेनासं झालंय."

मुकादमांनी दोन्ही अहवाल पुन्हा चाळले. मग म्हणाले, "मॅडम, दाराला कुलूप आहे, घरात दाणा नाही, आणि तरी आतला माणूस जिवंत आहे. आमच्या मोहल्ल्यातली पोरंसुद्धा सांगतील, कुणीतरी खिडकीतून जेवण देतंय."

"मी निर्वेपिन घेत नाही, डॉक्टर!"

"तुम्ही सांगताय म्हणजे घेत नसाल. हात पुढे करा, रक्त काढतो."

रक्तात निर्वेपिन होतं. अगदी थोडं, बकासुरानं खाऊन उष्टं ठेवलेलं.

तिनं तो कागद दोनदा वाचला. मुकादमांनीच विषय काढला. "एक बोलू? गेल्या महिन्यात बोलताबोलता तुम्ही दोनदा मध्येच थांबलात. डोळे एका जागी, हातातली नळी तशीच. पाच-सहा सेकंद. दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे तपासलं असतं. तुम्ही होतात म्हणून मला वाटलं, शास्त्रज्ञ विचार करतायत."

शर्वरीला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. ही जिवाणूचं रहस्य शोधत टाक्या, दिवे, जनुकं पालथी घालत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. ती बाहेरचं फारसं खात नसे. तिच्या ताटात काय पडतं हे ठरवणारं माणूस जगात एकच होतं.

दुपारी ती घरी गेली तेव्हा आई ओट्याशी आवळे किसत होती. इंदुमती शिगवण. नवरा लवकर गेल्यावर हिनं खानावळ चालवून मुलीला वाढवलं. वर्षाचा मोरावळा घालायचा तो तिनंच, आणि रोज सकाळी चमचाभर लेकीच्या तोंडात घालायचा तोही तिनंच. बुद्धीला चांगला, असं म्हणायची.

शर्वरीनं रक्ताचा कागद ओट्यावर ठेवला. "आई, मोरावळ्यात काय घालतेस?"

आईनं कागद वाचला नाही. लेकीचा चेहरा वाचला. किसणी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि खाली बसली.

"तू सहा वर्षांची व्हतीस. अंगणात पडलीस. डोळे पांढरे, तोंडाला फेस. रत्नागिरीचा डॉक्टर म्हणाला, रोज गोळी घातलीत तर पोर नीट ऱ्हाईल. घातली. कडू व्हती, म्हणून मोरावळ्यात कुटून घातली."

"मोठी झाल्यावर तरी सांगायचंस!"

"कधी? दहावीला? का पोहायला शिकलीस तेव्हा?" आईचा आवाज चढला. "त्या वाडीत फिट येणाऱ्या पोरीला कुणी खाडीत सोडली असती? मुंबैला शिकाय धाडली असती? तू सोता तरी गेली असतीस गो? भिऊन घरात बसली असतीस."

"आणि हॉस्टेलवर?"

"बरण्या धाडत नव्हते? एका बरणीत किती गोळ्या, सगळा हिशोब करून. रोज सकाळी फोन कशाला करायची, तुला वाटलं? मोरावळा खाल्लास का, हेच विचारायला."

शर्वरीला तो फोन आठवला. मैत्रिणी त्यावरून किती चिडवायच्या.

"पण दुकानातून गोळ्या कोण आणायचं? चिठ्ठी लागते त्याला."

आई जमिनीकडे बघू लागली. "मीच. चिठ्ठी माझ्या नावावर करून घेतली, दुकानदाराला सांगितला, मला फिट येते. तो बोलला बायकोला, बायको बोलली वाडीला. लोक हळदीकुंकवाला बोलवाय कचरायचे. चालायचंच."

गावात आईला फेफरं येतं अशी कुजबुज शर्वरीनं लहानपणी ऐकली होती आणि एका पोराला त्यापायी मारलंही होतं. आता आईचा तिला भयंकर राग आला होता, तो तसाच होता. आपलं अर्धं आयुष्य कुणीतरी परस्पर जगून टाकलं असा तो राग. पण ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आईचे हात आवळ्यानं काळपट झाले होते.

"महिन्याभरात तुझा कायतरी बिनसलाय हे मला दिसत व्हता," आई हळूच म्हणाली. "म्हणून एक गोळी वाढवली."

"म्हणजे त्याला आणखी वाढलंस," शर्वरी म्हणाली. बकासुर कोण ते आईला समजावून सांगायला तिला अर्धा तास लागला.

सगळं ऐकल्यावर आईनं मुद्द्याचं विचारलं. "मग सुनावणीला काय सांगणार?"

शर्वरीला तोवर ते सुचलंच नव्हतं. खाडी वाचवायची तर एकच वाट होती: तो आकडा माझा आहे, आणि मी औषध घेणारी आहे, हे सर्वांसमोर म्हणायचं. आईनं जे बत्तीस वर्षं स्वतःच्या नावावर घेऊन झाकलं, ते एका वाक्यात उघडं पडणार होतं.

"नको गो," आई म्हणाली. "वर्तमानपत्रात येल." आणि थोड्या वेळानं, नाक पुसत, "तिसऱ्या मात्र यंदा गोड आहेत."

सुनावणीच्या सभागृहात गर्दी होती. शर्वरी उभी राहिली. "दोन नमुन्यांत बकासुर सापडला. त्यातला एक माझा. मला लहानपणापासून अपस्मार आहे आणि मी रोज निर्वेपिन घेत आले. मला ते परवा कळलं." कुणीतरी खुसखुसलं. ती थांबली नाही. मुकादमांनी रक्ताचे आकडे मांडले. निर्वेपिन घेणाऱ्या शरीरात बकासुर जगतो, न घेणाऱ्यात मरतो. कुलूप तसंच आहे.

"एकाचा उलगडा झाला," हळदणकर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याचं काय?"

"तेच कारण असणार, साहेब. दुसरं असूच शकत नाही. त्या नमुन्यातलं कुलूपही आम्ही तपासलंय."

"पण त्या व्यक्तीनं तर औषध घेत नसल्याचं लिहून दिलंय."

"मीही दिलं होतं." तिनं सभागृहाकडे पाहिलं. "ते कोण आहेत हे मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. लपवायला त्यांच्याकडे कारण असेल. नोकरी असेल, लेकीचं लग्न असेल. मला एवढंच सांगायचंय की तुमची गोळी आता तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. जिन्यावर, गाडीवर, कुठेही घात होईल. आजच्या आज डॉक्टरांना भेटा. औषध बदललं की झालं, थोडे दिवस बकासुराला उपास घडवायचा."

हळदणकरांनी निर्णय वाचून दाखवला: टाक्या चालू राहतील, तोंडावर दिवे बसतील, कोंडसरमध्ये निर्वेपिन घेणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होईल. लोक बोलत बोलत बाहेर पडले. मुकादम दवाखान्याची वेळ झाली म्हणून घाईनं गेले.

शर्वरी मागे राहून कागद गोळा करत होती. मान वर केली तर हळदणकर अजून खुर्चीतच बसलेले. समोरच्या पाण्याच्या पेल्याला त्यांनी हात लावलेला नव्हता.

"हे मुकादम," त्यांनी हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "कितीपर्यंत असतात दवाखान्यात?"

शर्वरीनं कागद खाली ठेवले. "आठपर्यंत. साहेब, तुम्ही गाडी घेऊन आलात का?"

"स्वतःच चालवत आलो." त्यांनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर बघितली आणि टेबलावर ठेवली. "तुम्ही सोडाल का मला तिथे?"

"मलाही डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केलीय," शर्वरी म्हणाली. "चला, कोपऱ्यावर रिक्षा मिळते. मलाही तिकडेच जायचंय."