मासा तोंड लावत नाही

जबलपूरच्या कमानिया गेटाजवळच्या दुकानातून रत्नाकर देवतळ्यांनी मासा आणला तेव्हा तो चांगला धडधाकट होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ज्याने त्याने मासाच आजारी असणार म्हणून हात झटकले. तळहाताएवढा, पिवळाधमक, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला. रत्नाकरांनी दुकानातच बॅटरी मारून त्याचे कल्ले पाहिले, शेपूट पाहिली. तोफगाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. खोट असलेला माल त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"समंदर का है, बाऊजी," दुकानदार नथ्थू म्हणाला. "नई जगह में थोड़ा रूठेगा. फिर खाएगा."

रांझी वस्तीतल्या त्यांच्या घरात टाकी आधीपासूनच होती. मुलानं, नीलकंठनं, शेवटच्या सुट्टीत ती बसवली होती. तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला. दर सुट्टीत आईच्या मागे लागायचा, "आई, एकदा तरी चल ना. समुद्र दाखवतो तुला." हेमलताबाईंचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी येते रे. घर कोण पाहणार?" शेवटी तो हसून म्हणाला होता, "तू येत नाहीस, तर समुद्रच घरी आणतो." त्यानं खारं पाणी कालवून टाकी भरली, वाळू पसरली, दगड रचले, पंप लावला. मासा पुढच्या सुट्टीत आणायचा होता. त्याआधीच भर समुद्रात नीलकंठ जहाजावरून पडला आणि हाती काहीच लागलं नाही.

देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा करून क्रिया केली. दहाव्याला ग्वारीघाटावर पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली की असं होतं म्हणतात, आणि मग घरचे हात जोडून ती पुरी करायचं कबूल करतात. रत्नाकरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण समोर पिंपळावर कावळे बसलेले आणि खाली मुलाचा पिंड तसाच. सुचेल ते कबूल केलं. आईला सांभाळीन, तुझी मोटारसायकल तुझ्या दोस्ताला देईन, तुझी खोली मोडणार नाही. ऊन डोक्यावर आलं तरी एक कावळा खाली उतरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला आणि सगळ्यांची सुटका केली. बायका घाटावर जात नाहीत. हेमलताबाईंनी दारातच विचारलं, शिवला का? रत्नाकर 'हो' म्हणून मोकळे झाले.

तेव्हापासून हेमलताबाईंचं अन्न तुटत चाललं होतं. आधी पोळी गेली, मग भात. मासा आणला तो त्यांच्यासाठी. घरात काहीतरी हलतं-चालतं असावं, बाईचं मन रमावं, एवढाच हिशेब.

मासा टाकीत सोडला. रत्नाकरांनी खाद्याचे दाणे टाकले. ते त्याच्या तोंडासमोरून खाली गेले. हेमलताबाई ताट पुढ्यात घेऊन बघत होत्या. त्यांनी ताट सरकवलं.

"तो खाऊ दे आधी," त्या म्हणाल्या. "मग मी."

आणि त्यांनी ते खरं केलं. चहा आणि पाणी, दुसरं काही नाही.

त्यानंतर रत्नाकरांच्या नाकी नऊ आले. नथ्थूनं सांगितलं ते सगळं केलं. दिवा मंद केला, काचेला कागद लावला, दगड हलवून लपायला जागा केली. कोळंबी बारीक चिरून लसणाच्या रसात भिजवून दिली. बारीक जिवंत किडे आणून सोडले, ते त्याच्या अंगाखांद्यावरून फिरत राहिले. पाण्याचा खारटपणा मोजला, उष्णता मोजली. सगळं बरोबर. मासा वाळला नाही, त्याचा रंग उतरला नाही. उतरल्या त्या हेमलताबाई. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

रत्नाकरांची थोरली बहीण बेबीताई मदतीला येऊन राहिली होती. एके सकाळी तिनं त्यांना हाक मारली.

"रत्नाकर, हे तू केलं का रे?"

टाकीत पंपाचा झोत सारखा चालू असे. हलकी वस्तू एका जागी टिकत नसे. पण आदल्या दिवशीच्या सगळ्या दाण्यांचा वाळूवर मधोमध एक गोळा झाला होता. गोल, वर थोडा निमुळता, कोणी ओल्या हातानं वळून ठेवावा तसा. मासा त्यापासून वीतभर लांब, त्याच्याकडे तोंड करून उभा.

"पाण्याच्या भोवऱ्यानं होतं असं," रत्नाकर म्हणाले आणि जाळीनं तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता.

जबलपूरचा मे महिना, अंगणात टाकलेला टॉवेल पाठ फिरवेपर्यंत वाळतो. त्या घरात कपडे वाळेनासे झाले. मिठाच्या बरणीला पाणी सुटलं. दुपारी दारं लावून घेतली की खोलीत एक वास यायचा, ओल्या दोरखंडाचा आणि डिझेलचा. टाकीला नुसता मिठाचा वास होता. रत्नाकरांनी दोनदा गॅसची नळी तपासली.

"काहून अडून बसला हा?" बेबीताई हळूच म्हणाली. "काही मागून राहिला असंन."

"ताई, मासा आहे तो!"

पण त्या दुपारी हेमलताबाईंना उठून बसता येईना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर फार वेळ हाती नाही. रत्नाकरांनी हात टेकले. बायको गेली तर आपण या घरात कोणासाठी कुलूप उघडायचं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. ते टाकीसमोर गेले, इकडेतिकडे पाहिलं, आणि शहाण्यासवरत्या माणसानं माशापुढे हात जोडले.

"आईला सांभाळीन. मोटारसायकल दिली आहे. खोली मोडली नाही."

मासा संथपणे काचेपाशी आला. त्यांच्याकडे पाहिलं. आणि वळून गेला.

"घाटावर हेच म्हणालात का?"

हेमलताबाई भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. रत्नाकरांना खोटं बोलवेना.

"हेच."

"म्हणजे शिवला नाही."

"नाही."

"अहो, मोटारसायकल कुठे मागितली होती त्यानं?" त्या रागावल्या नाहीत. मुलाची साधी आवड माहीत नसलेल्या बापाशी बोलावं तसं बोलल्या. "मला विचारलं असतं तर..."

त्या टाकीशी आल्या. जन्मात कधी माशाला हात न लावलेल्या त्या बाईंनी चिमूटभर दाणे घेतले आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"येते रे बाबा," त्या म्हणाल्या. "या वेळी नक्की येते."

मासा त्यांच्या बोटांतून खाऊ लागला.

दाणा न् दाणा खाल्ला. रत्नाकर तिथेच खाली बसून रडले. आनंदानंच रडले, त्यात लाज कसली. बेबीताईनं वरणभात कालवून आणला आणि हेमलताबाई पोटभर जेवल्या. "मीठ कमी आहे," एवढंच म्हणाल्या. मग रोज जेवू लागल्या. गालांवर रंग आला. त्या गुणगुणायच्यासुद्धा. काय कबूल केलंस, हे रत्नाकरांनी विचारलं नाही. त्यांना ते कळलं होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

एका दुपारी त्या टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं. हृदय कमजोर झालं होतं, उपासानं होतं असं. साडी कोरडी होती. खुर्ची कोरडी होती. बेबीताईनं त्यांची वेणी सोडली, तेव्हा तिच्या हातावर पाण्याची धार लागली. हात वाळल्यावर तळव्यावर पांढरी पूड राहिली होती.

दहाव्याला रत्नाकर पुन्हा ग्वारीघाटावर गेले. या वेळी काय काय कबूल करायचं ते वाटेत मनाशी म्हणत होते. पिंड ठेवून त्यांनी मागे पाऊल घेतलं, तेवढ्यात कावळा शिवला. त्यांचे हात जोडायचे राहूनच गेले.

"तृप्त गेली बाई," बेबीताईचे यजमान भाऊराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "काही उरलं नाही तिचं मागं."

काही उरलं नाही. रत्नाकर ते वाक्य घरापर्यंत घेऊन आले.

घरात कपडे वाळले होते. खोलीत कसलाच वास नव्हता.

त्यांनी टाकीचा दिवा लावला आणि रोजच्यासारखे दाणे टाकले.

मासा काचेपाशी होता. त्यांच्याकडे तोंड करून. दाणे त्याच्यासमोरून खाली गेले आणि वाळूवर, मधोमध, एकेक करून जमू लागले.

"रत्नाकर," आतून बेबीताईनं हाक मारली, "ताट वाढलं आहे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"तो खाऊ दे आधी," रत्नाकर म्हणाले.

त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली आणि सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडली.