कोऱ्या कॅसेटवरचं लेबल

वैदेहीनं कॅसेट टेबलावर ठेवली.

"कोरी झाली. कशी पुसली गेली, तेच कळून नाही राह्यलं. मूळ कॅसेटचे मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन कान आम्ही तोडतो. मग मशीन तिच्यावर दुसरं काही भरू देत नाही."

वैदेही, चिन्मय आणि कुशल, तिघांची 'खरखर' मंडळी बालाघाटात कोणाला ठाऊक नव्हती. धानाची गिरणी, फुटका रेडिओ, टिनाचे पत्रे यांचे आवाज ते एकमेकांवर चढवायचे आणि कॅसेटी टपालानं दूरच्या दर्दींना धाडायचे. दिवाळीआधी कुशल रात्रीतून दम्यानं गेला. ही त्याची शेवटची कॅसेट.

"हिच्यात काय होतं?" टेबलापलीकडून अहिल्या पाठक यांनी विचारलं. हरवल्या-चोरल्याचा छडा लावणं हे त्यांचं काम.

"त्याचा श्वास. उशाशी मशीन ठेवून भरायचा. शेवटच्या रात्रीचाही आहे. ही कॅसेट लोकांसाठी काढायचं त्यानंच ठरवलं होतं. मी अन् चिन्मयनंच ऐकलं. त्याच्या आईले गिरणीचे आवाज म्हणून सांगितलं."

अहिल्याबाईंच्या मदतनिसानं, घनश्यामनं, कॅसेट उलटून पाहिली. मागचे दोन्ही कान धड होते. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोबत आलेला चिन्मय म्हणाला, "ही कॅसेट काढायला मी नकोच म्हटलं होतं. पण लपून काहून करू? समोरच फोडली असती."

कॅसेटी कुशलच्याच खोलीत असत, म्हणून सगळे त्याच्या घरी गेले. त्याची आई गोदाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"मले काय समजते बाई? श्वास का कुठं गाणं असते?"

अहिल्याबाईंनी घनश्यामकडून कॅसेट घेतली.

"हिचे कान शाबूत आहेत. म्हणजे पुसलेली नाही, बदललेली आहे. कोऱ्या कॅसेटवर फक्त तिचं लेबल चिकटवलंय. वैदेही किंवा चिन्मय असते, तर आधी कान तोडले असते. आणि मावशी, तुम्हाला गिरणी सांगितली होती. तुम्ही श्वास म्हणालात, म्हणजे कॅसेट ऐकलीत."

गोदाबाईनं तांदळाच्या डब्यातून मूळ कॅसेट काढली.

"बाजूच्या खोलीत झोपली होती मी. त्यानं हाक मारली काय, तेच ऐकून राह्यली. शेवटापर्यंत जायची हिंमत नाही होत."

"नाही मारली, मावशी," वैदेही म्हणाली. "पूर्ण ऐकली मी."

"हौ?" म्हातारीनं कॅसेट तिच्या हातात दिली. "मंग ने."

फाटकापाशी अहिल्याबाईंनी विचारलं, "हाक मारली होती ना?"

"एकदा. तेवढी काढून टाकणार होती मी."

"तिच्यासाठी, की कॅसेटसाठी?"

वैदेही कॅसेट घेऊन परत आत गोदाबाईकडे गेली. घनश्याम तिची वाट पाहू लागला, तेव्हा अहिल्याबाई म्हणाल्या, "चल. तिला वेळ लागेल."