चटईवरच्या जांभया

"आजही पेंगली!" यादीने वही टेबलावर धपकन आपटली. "पाणघोड्याला उचकी लागते, तो धाडकन तळ्यात पडतो, आणि ही मंडळी जांभया देतात! मी गोष्ट सांगत होते की अंगाई गात होते?"

"अंगाईने निदान शांत झोप लागते," तिचा धाकटा भाऊ गडगड म्हणाला. "ती चिमुरडी मिरची तर डोकं धरून भोकाड पसरून बसली होती."

"तुझा आवाज ऐकून असेल!"

"माझा? मी तर आज पाणघोडा होतो! पाणघोडे काय कुजबुजतात?"

यादी तेरा वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीची यादी करायची खोड होती, म्हणून हे नाव. गडगडचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. तिसरा त्यांच्या शेजारचा खिसा. त्याच्या खिशांत दोरा, खडू, भिंग, बटणं, वाटेल ते सापडायचं. सुट्टीत तिघांनी वाचनालयाच्या बालविभागात रोज अकरा वाजता गोष्टींचा तास घ्यायचं कबूल केलं होतं. मुलं बारा, सगळी तीन ते पाच वर्षांची. पहिला आठवडा धमाल गेला. या आठवड्यात मात्र सगळं बिनसलं होतं.

यादीने काय काय केलं नव्हतं! सोमवारी गोष्ट छोटी केली. मंगळवारी मोठ्या चित्रांचे तक्ते आणले. आज मोज्यांच्या बाहुल्या करून सगळ्यांना उचक्या द्यायला लावल्या. तरी सव्वा अकराला पहिली जांभई, मग चुळबुळ, मग किरकिर, आणि शेवटी रडारड!

"मुलं कंटाळली, की असंच होतं," ग्रंथपालबाई दारातून म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना, रस्त्यावरच्या गाड्यांकडे लक्ष जातं? खिडक्या बंदच ठेवा. आणि उद्याही हीच तऱ्हा असेल, तर तास बंद करू. पालक माझ्याकडे तक्रारी घेऊन येतात."

"बाई, पण..."

"पण नाही नि बिण नाही!" बाई निघूनही गेल्या.

यादीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "इतकी मेहनत केली, आणि म्हणे कंटाळली!"

 बाहुलीचं निसटलेलं बटण शोधायला खिसा मघापासून चटईवर पालथा पडला होता. तो एकदम उठून बसला. "यादी, माझं डोकं गरगरतंय."

"आता तूही!"

"अगं, खरंच! आणि खाली काहीतरी उग्र वास येतोय. तू झोप बघू इथे."

"मी? चटईवर?" यादी चिडून म्हणाली, आणि मग थबकली. "थांब. मी रोज खुर्चीवर बसते. गडगड उभाच असतो. चटईवर काय होतं, ते आपल्याला कुठे माहितेय?"

ती चटईवर आडवी झाली. दोनच मिनिटांत तिचे डोळे चुरचुरायला लागले. ती झटकन उठली. उभं राहिलं, की वास जवळजवळ नाहीसा! खाली वाकलं, की पुन्हा हजर!

चटईच्या मागेच कुलूपबंद दार होतं. त्याच्या खालच्या फटीशी खिशाने पातळ कागदाची पट्टी धरली. पट्टी आतल्या बाजूला फडफडली.

"पलीकडून हवा येतेय!" गडगड ओरडला.

"हळू!" दोघे एकदम ओरडले.

तिघे इमारतीला वळसा घालून मागे गेले. त्या दारापलीकडच्या कोठाराच्या खोलीत सोमवारपासून रंगकाम सुरू होतं. आत रंगाच्या डब्यांची रांग, आणि जमिनीवर उघड्या परातीत थिनर! कामगार त्यात ब्रश खळबळत होता.

"काका, हे रोज करता?" यादीने विचारलं.

"रोज. अकराला सकाळचं काम थांबतं, मग ब्रश धुतो. बाहेर धुवावेत म्हणतो मी, पण ठेकेदारसाहेब म्हणतात, अंगणात डाग नकोत."

तिघे धावत ग्रंथपालबाईंकडे गेले. ठेकेदार तिथेच चहा पीत होता. तिघांचं ऐकून तो हसला. "गोष्ट जमत नाही, तर दोष माझ्या थिनरला? मी मघाशीच बालविभागात जाऊन आलो. कसला वास नि कसलं काय!"

"तुम्ही उभे होता!" खिसा म्हणाला.

"मग काय रांगू?"

बाईही वैतागल्या. "पुरे आता. मोठ्यांना शिकवू नका."

बाहेर आल्यावर गडगडने पायरीवर लाथ मारली. "कुणी ऐकतच नाही! यांना काय भिंतीवर लिहून दाखवायचं?"

"नाही," यादी सावकाश म्हणाली. तिने वहीचं कोरं पान उघडलं. "यांना गोष्ट सांगायची."

दुसऱ्या दिवशी मिरचीचे आजोबा नातीला घेऊन आले, तेव्हा यादीने त्यांना सगळं सांगितलं. "आजोबा, मुलांना आज आत पाठवायचं नाही. तुम्ही त्यांना व्हरांड्यात सांभाळा." आजोबांनी मान डोलावली आणि बाराही जणांना गाडीगाडी खेळायला लावलं.

यादी ग्रंथपालबाईंसमोर उभी राहिली. "बाई, तास बंद करण्याआधी आमची गोष्ट एकदा तरी ऐका. ठेकेदारकाकांनीही यावं. मुलांसारखं चटईवर बसून. रटाळ वाटली, तर आम्ही उद्यापासून येणार नाही."

"दहा मिनिटं!" बाई म्हणाल्या. ठेकेदार कुरकुरत मांडी घालून बसला. खिडक्या बंद. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं.

"एका तळ्यात एक पाणघोडा होता..." यादीने सुरुवात केली. गडगडने जीव तोडून उचक्या दिल्या.

सव्वा अकराला बाईंनी जांभई दिली. ठेकेदाराने डोळे चोळले, मग कपाळ दाबलं, मग खोकलाच सुरू झाला.

"काका, गोष्ट कंटाळवाणी आहे का?" खिशाने भोळेपणाने विचारलं.

"अरे, कसली गोष्ट! डोकं फुटतंय माझं! उघडा त्या खिडक्या!"

गडगडने खिडक्या धाडधाड उघडल्या. यादीने दोघांना हात धरून बाहेर आणलं. बाई कठड्याला टेकून मोकळा श्वास घेत राहिल्या. त्यांचं लक्ष मिरचीकडे गेलं. ती इतर मुलांसोबत खिदळत पळत होती.

"ही एवढीशी मुलं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तीन दिवस तिथे बसत होती. आणि मी म्हणत होते, कंटाळली."

मग मात्र त्यांचा पारा चढला. "ठेकेदार, आत्ताच्या आत्ता ती परात बाहेर! डब्यांना झाकणं! आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत बालविभागाला कुलूप!"

"हो, बाई," ठेकेदार मान खाली घालून म्हणाला. जाता जाता तो खिशापाशी थांबला. "चुकलंच माझं. थिनरचा वास जड असतो, जमिनीलगत पसरतो. मला ते ठाऊक असायला हवं होतं."

गोष्टींचा तास त्याच दिवसापासून व्हरांड्यात चटई टाकून भरू लागला. पहिल्याच तासाला मुलांना न्यायला आलेले पालकही थांबले. ग्रंथपालबाईंनी सर्वांसमोर आपली चूक सांगितली आणि मुलांना दवाखान्यात दाखवून घ्यायची विनंती केली. मग मिरचीचे आजोबा उभे राहिले.

"या तिघांनी स्वतः चटईवर उतरून पाहिलं," ते म्हणाले. "आम्ही मोठे नुसते रागावत होतो. यांची चौकस बुद्धी, यांची चिकाटी, यांचा समजूतदारपणा..."

यादीचे कान लाल झाले. गडगड छाती फुगवून उभा राहिला. आजोबा बोलतच राहिले. चटईवर चुळबुळ सुरू झाली. कुणी बोट तोंडात घातलं, कुणी शेजाऱ्याचे केस ओढले.

शेवटी मिरची कमरेवर हात ठेवून उठली.

"आजोबा, बसा ना आता! ताईला गोष्ट सांगू द्या!"