शनिवारची कळशी

आमचे आबा शनिवारी दोराला गाठ मारत नसत. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे ज्यू. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, देवाने घालून दिलेला विसाव्याचा दिवस. चूल नाही, लिहिणं नाही, गाठ नाही. पाणी लागलंच तर आबा कमरेचा पांढरा शेला सोडायचे, त्याचा नुसता वेढा देऊन कळशी दोराला अडकवायचे. मला हसू यायचं. मी पुढे सोसायटीचा सचिव झालो, आमचं धान्यवाटपच मुळी शनिवारी. मी कसला शब्बाथ पाळतोय!

बहात्तरच्या दुष्काळात मी उमापूरला होतो. त्याच वर्षी आबा गेले. त्यांचं तोराचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, पुस्तक माझ्याकडे आलं, वाळवीने खाल्लेलं. ज्यात देवाचं नाव आहे ते पुस्तक आम्ही जाळत नाही, रद्दीत घालत नाही. माणसासारखं पुरतो. आमचं कबरस्तान तिथून कुठल्या कुठे. मग मी ते आबांच्या शेल्यात गुंडाळलं आणि सोसायटीच्या गोदामामागे लिंबाखाली पुरलं. कुणाला सांगितलं नाही.

आणि कपाळ माझं, उन्हाळ्यात चेअरमन सर्जेरावांनी विहीर खणायला नेमकी तीच जागा दाखवली. मी तोंड उघडलं नाही. काय सांगणार? रोज काठावर जाऊन उभा राहायचो. चाळीस फुटांवर पाणी लागलं. पुस्तक मात्र निघालं नाही, शेल्याचा धागासुद्धा नाही.

पाणी लागलं मंगळवारी. शनिवारी विहीर कोरडी. रविवारी पुन्हा तेवढंच पाणी. म्हटलं, पाणी मुरत असेल. पण पुढच्या शनिवारी तेच. मग मी बांबूवर खुणा करून मापायला लागलो. रोज चार फूट, शुक्रवारी आठ, शनिवारी नुसता ओला खडक. पहिल्या शनिवारपासून धरून पाच आठवडे हेच. लोक शुक्रवारीच दोन दिवसांचं भरून ठेवायला शिकले.

"हिरीला बी सरकारी सुट्टी लागली," सर्जेराव हसत म्हणाले. "सायेब, तुमी कावून गप?"

मला आबांचा धडा आठवत होता. रानात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांना आकाशातून मान्ना, देवाने धाडलेलं अन्न, मिळायचा. शुक्रवारी दुप्पट, शनिवारी कणभरही नाही. लहानपणी आबांनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? त्या आठवड्यापासून धान्यवाटप मी रविवारी नेलं.

सहाव्या शनिवारी भर दुपारी मेंढरंवाल्यांच्या वस्तीतली चतुराबाई धापा टाकत आली. तिची नात हगवणीने निपचित पडली होती. सगळ्या वस्तीत तीच साथ, भरून ठेवलेलं पाणी कधीच संपलेलं. माझा माठही मी सकाळीच देऊन बसलो होतो. टँकर येणार तो उद्या.

"सायेब, पोरीनं डोळं फिरवलं हो! येक कळशी द्या, कुटूनबी द्या."

"विहिरीत नाही गं बाई आज."

"मंग मरू देऊ का तिला?"

मी तिची कळशी घेतली आणि विहिरीवर गेलो. वाकून पाहिलं. तळाला खडक. दोराला कळशी पक्की बांधली, एकावर एक दोन गाठी मारून. चतुराबाई शेजारीच उभी होती, तरी मी मोठ्याने बोललो.

"आबा, जीव वाचवायला शब्बाथ मोडावा असं शास्त्रच आहे. तुम्हीच शिकवलंत. पोरगी मरतेय."

कळशी सोडली. खाली दगडावर वाजली.

परत वाजली.

मग वाजेनाशी झाली.

दोर जड झाला. मी ओढत राहिलो. कळशी काठोकाठ भरून वर आली.

चतुराबाईने ती ओढूनच घेतली आणि पळत सुटली. पोरगी वाचली. पुढे तिचं लग्न गेवराईत झालं, मी जेवायला होतो.

पण त्या दुपारी कळशी घेताना चतुराबाईला गाठ सोडावीच लागली नाही. माझ्या दोन्ही गाठी गायब होत्या. दोराला पांढऱ्या कापडाचा नुसता वेढा होता, तो अलगद सुटून माझ्या हातात आला. पुस्तक गुंडाळल्याच्या चौकोनी घड्या त्यावर तशाच होत्या. पाण्यातून वर आलेला तो शेला कोरडा होता, आणि कमरेवरून आत्ताच सोडल्यासारखा कोमट.