सासूबाईंच्या हाती दिलेली पत्रं

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. नवऱ्याचा अर्ज टपालात टाकायचा, म्हणून तिकीट शोधायला सूनबाईनं दुपारी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला.

तिकिटं होती, पण एकही कोरं नव्हतं. वाफेवर धरून सोडवलेली, कडा सुरकुतलेली. खाली लिफाफ्यांचा गठ्ठा. प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा सोललेला, आणि पत्ता तिच्याच अक्षरात, तिच्या आईचा.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी दर आठवड्याला एक पत्र लिहायचा तिनं नेम धरला होता. तिकीट डकवून ती पत्र सासूबाईंच्या हाती देई. "आण इकडे, जाताजाता टाकते," त्या म्हणत. पत्रं डब्यात राहिली होती आणि बरीचशी तिकिटं त्यांनी स्वतःच्या लेकीला धाडलेल्या पत्रांवर गेली होती.

आई वाट बघून गेली. "दोन ओळी लिहायला हात झिजले असते का तुझे?" भाऊ म्हणाला होता. त्यानंतर माहेरचं दार बंदच झालं.

"गेलेल्या माणसाला आता काय बोलायचं," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पत्र घेऊन ती टपाल कचेरीत गेली. नवं तिकीट डिंकात बुडवून तिनं लावलं.

"मधोमध नको बाई, कोपऱ्यात. शिक्का बसायला जागा ठेवा," खिडकीतला कारकून म्हणाला. मग पत्ता वाचून थांबला. "माझ्याच गावची ही गल्ली, पाडली की हो. कोण घेणार हे?"

"माझा नेम राहिला होता," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी डब्यातला एक लिफाफा कमी झाला. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक. डबा तिनं कपाटात ठेवून कुलूप लावलं, तरी रोज एक जायचाच. सासूबाईंच्या फिरायला जायच्या वेळी घरभर ओल्या डिंकाचा वास सुटायचा, आणि कपाटाशी कुणीतरी हलकेच खाकरायचं...

डब्यात शेवटचं पत्र उरलं, त्या दिवशी उंबऱ्यावर एक लिफाफा आला. तिकीट नाही, शिक्का नाही. अक्षर सासूबाईंचं.

"विहीणबाईंच्या सांगण्यावरून लिहिते आहे," आत लिहिलं होतं. "त्यांना दिसत नाही. तुझं टपालानं आलेलं पत्र पोचलं. बाकीची मी रोज एक चालत नेऊन देते आणि वाचून दाखवते. एकेक ओळ त्या दोनदा वाचायला लावतात. वाट फार लांब आहे गं... पाय फुटलेत. उद्या शेवटचं. ते दिलं की सुटले का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते माझ्या लेकीला विचारा."

सूनबाई देवापुढे जाऊन बसली. निरांजन लावलं, हात जोडले. माफ केलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. देवानं ऐकून घेतले असते. ओठ हलले, पण शब्द काही येईनात.

मग ती उठली. कागद घेतला आणि आईला पत्र लिहायला बसली. चांगलं पाठपोट आठ पानांचं. लिफाफा बंद केला, पत्ता घातला. तिकीट लावलं नाही. ते पत्र तिनं डब्यात शेवटच्या पत्राखाली ठेवलं आणि नव्या कागदांचा दस्ता काढून बाजूला मांडला.

दाराबाहेर कुणीतरी दमलेला श्वास सोडला, आणि सावकाश चपला पायांत सरकवल्या.