शेऱ्याचा रकाना

पटणार नाही त्यांनी सोडून द्या. पण हे माझ्या मावसभावासोबत, अश्वजितसोबत, खरोखर घडलं आहे. थापा मारणारा पोरगा नाही तो.

२०१९ ची गोष्ट. गणपती उठून चार दिवस झाले होते. वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. जागा म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावरची पाणी मोजायची खोली.

अश्वजित भंडाऱ्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर. सोबत काम करणाऱ्या दामिनीसोबत त्याने एक वेब ॲप्लिकेशन बनवलं होतं. पाणी वाढायला लागलं की काठावरच्या मासेमारांना मोबाईलवर सूचना मिळणार होती. पाण्याचे आकडे या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यायचे. तो ॲप्लिकेशनला जोडला की काम संपणार होतं.

खोलीला खिडकी नव्हती. एकच लोखंडी दार. आणि जमिनीत एक लोखंडी झाकण.

झाकणाखाली विहीर होती. चावी सांभाळणारे गोमाजी म्हणाले, धरण भरलं तेव्हा त्यांचं जुनं गाव बुडालं, त्या गावची एवढीच विहीर उरली. पाणी तिच्यातच मोजतात. मग पाण्यात टाकलेली मासळीची जाळी बघायला जाता जाता ते थांबले.

"साहेब, दार लागलं त आतून उघडत नाई. दगड लावून ठेवा."

अश्वजितने दगड लावला.

अडीचच्या सुमारास जोडणी झाली. बाहेर येऊन त्याने दामिनीला फोन केला. सकाळपासूनचे आकडे भराभर येत आहेत, असं तिने सांगितलं आणि ती जेवायला गेली. तो बॅग घ्यायला पुन्हा आत शिरला.

मागे दार लागलं...

वारा नव्हता. दगडही त्याने काढला नव्हता.

त्याने धक्के दिले. खांद्याने रेटून पाहिलं. दार हललंसुद्धा नाही. आत मोबाईलला रेंज नव्हती. खोलीतून बाहेर जात होते ते फक्त आकडे, छपरावरच्या अँटेनातून.

तेव्हा त्याला सुचलं. प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना होता. त्यात काही लिहिलं तर तेही दामिनीच्या स्क्रीनवर दिसणार. त्याने लिहिलं, दामिनी, मी आत अडकलो, गोमाजीला फोन कर.

उत्तर येणार नव्हतं. ती जोडणी एकाच बाजूने जाणारी होती, आणि ती त्यानेच केली होती.

तीन वाजले. घामाने शर्ट अंगाला चिकटला. त्याने दारावर तीनदा मूठ आपटली.

ठक... ठक... ठक...

आवाज झाकणाखालून आला.

आपलाच आवाज घुमला असेल, असं त्याने मनाला समजावलं. यावेळी पाचदा आपटली. मग कान देऊन थांबला.

खालून पाच ठोके आले. मोजून पाच.

आणि थोडं थांबून... सहावा.

त्यानंतर दार वाजवायची त्याची हिंमत झाली नाही. टेबलावर पाय वर घेऊन बसला. झाकणावरची नजर काढायची नाही, म्हणून न पाहताच टाईप करत राहिला. एकूण तीन शेरे लिहिले.

साडेचारला गोमाजींनी दार उघडलं. जेवून आल्यावर दामिनीने शेरे पाहिले होते आणि लगेच फोन केला होता, पण गोमाजी तेव्हा पार दुसऱ्या काठाला होते. अश्वजित धडपडत बाहेर पडला. गोमाजींनी लगेच कुलूप घातलं.

बाहेर येताच मोबाईल वाजला. दामिनी होती.

"अश्वजित, तू किती शेरे लिहिले?"

"तीन."

"इथं चार दिसून राहिले. पहिला एक वाजून दहा मिनिटांचा आहे. 'दार उघडा' एवढंच लिहिलं आहे."

त्या वेळी तो पवनी गावात पोहे खात होता. खोलीला कुलूप होतं आणि चावी गोमाजींच्या खिशात.

दामिनीचा आवाज एकदम बारीक झाला.

"तू बाहेर आहेस ना?"

"हो. काहून?"

"आत्ताच आणखी एक आला. 'दामिनी, मी अश्वजित. मी आतच राहिलो.'"

त्याने गोमाजींकडे पाहिलं. गोमाजींनी चावी पुढे केली, पण स्वतः पाऊल उचललं नाही. दोघं बराच वेळ त्या कुलपाकडे बघत उभे होते. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

त्यांनी दार उघडलं नाही.

अश्वजितने त्याच संध्याकाळी ऑफिसातूनच जोडणी तोडली. सूचनांचं काम दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांवर सुरू झालं, ते आजही नीट चालतं. त्या खोलीचं पुढे काय झालं, हे त्याने कधी विचारलं नाही.

तो बरा आहे. कामावर जातो, जेवतो, हसतो. पण त्याची आई, मंगलामावशी, सांगते, पुष्कळदा तो स्वतःचे हात उलटसुलट करून बघत बसतो, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला होता. चहा पिता पिता मधेच थांबला आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"भाऊ, तू मले लहानपणापासून पाहून राहिला. खरं सांग. त्या दिवशी बाहेर आलो तो मीच होतो ना?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं.

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो...